अ‍ॅडव्हान्स इंग्लिश शब्द लक्षात कसे ठेवायचे

आपल्या जळगाव-धुळ्याकडची पोरं स्पर्धा परीक्षेसाठी रोज पन्नास-पन्नास शब्द रट्टा मारतात आणि आठ दिवसात सगळं साफ, मी पण वर्षभर हेच केलं म्हणून सांगते, रोज ५ च शब्द घ्या पण पक्के घ्या.

सगळ्यात आधी शब्दाचं मूळ धरा. लॅटिनमधून आलेल्या 'स्पेक्ट'चा अर्थ बघणं, हे एकदा समजलं की इन्स्पेक्ट म्हणजे आत डोकावून बघणं, रेट्रोस्पेक्ट म्हणजे मागे वळून बघणं, सर्कमस्पेक्ट म्हणजे चारी बाजूंनी बघून मगच पाऊल टाकणारा, केळीला बुडातून पिलं फुटतात ना अगदी तसं.

मग लगेच आपल्या गावाचं वाक्य बनवा. रावेरची केळी 'पेरिशेबल' म्हणजे लवकर खराब होणारी, मे महिन्यातलं भुसावळचं ऊन 'स्कॉर्चिंग' म्हणजे भाजून काढणारं. डिक्शनरीतलं वाक्य विसरतं, हे नाही विसरत. आणि शब्दाची जोडी पण लिहा, इंग्लिशमध्ये पाऊस 'हेवी' असतो अन् चहा 'स्ट्राँग', उलटं केलं की कानाला खटकतं.

उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या दिवशी, मराठी अर्थ झाकून. जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीलाच सगळ्यात वेगाने विसरतं, म्हणून दुसरा दिवस अजिबात चुकवू नका. जो शब्द चुकला तो परत पहिल्यापासून.

फक्त जागा बघून वापरा हं, 'कमेन्स' नोटिशीत शोभतो, मैत्रिणीला मेसेज करताना 'स्टार्ट'च लिहा.