‘सपोर्ट’साठी नेमका मराठी शब्द कसा निवडावा

इंग्रजी मजकूर मराठीत आणताना ‘सपोर्ट’ आला की हात सवयीने ‘समर्थन’ लिहून मोकळा होतो आणि मग मोबाइलच्या पडद्यावर ‘ही फाइल समर्थित नाही’ असे वाक्य उमटते, जणू ती फाइल निवडणुकीला उभी होती.

या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ ‘खालून वाहून नेणे’ असा आहे. मराठीत मात्र आधार देणारा कोठे उभा आहे यावर शब्द बदलतो, म्हणून कोश उघडण्यापूर्वी आधी ती जागा ओळखावी. भार खालून पेलला जात असेल तर आधार किंवा टेकू; घडाच्या ओझ्याने वाकलेल्या केळीला बांबूचा टेकू लावतात, तिला कोणी पाठिंबा देत नाही. देणारा मागे उभा असेल तर पाठिंबा, पाठबळ किंवा पाठराखण. यांपैकी पाठिंबा नुसता तोंडीही देता येतो, पाठबळात पैसा, माणसे किंवा वजन यांपैकी काहीतरी असावे लागते आणि पाठराखण चुकलेल्याचीही होत असल्याने तो शब्द जपून वापरावा. बरोबरीने चालणाऱ्याची असते ती साथ.

त्यानंतर मजकूर कोणत्या व्यवहारातला आहे ते पाहावे, कारण तेथे शब्द बहुधा आधीच ठरलेला असतो. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत ठराव मांडणारा सूचक असतो आणि त्याला सपोर्ट करणारा अनुमोदक. बातमीला दुजोरा मिळतो, निष्कर्षाला पुराव्याने पुष्टी मिळते, तर १९९० मध्ये चंद्रशेखर यांच्या सरकारला काँग्रेसने दिला तो ‘बाहेरून पाठिंबा’ होता. न्यायालयीन कागदात ‘चाइल्ड सपोर्ट’ म्हणजे मुलांची पोटगी. ‘मिनिमम सपोर्ट प्राइस’ला सरकारी भाषेत ‘किमान आधारभूत किंमत’ म्हणत असले, तरी शेतकऱ्यासाठी लिहिताना हमीभाव हाच शब्द योजावा. उसाला मात्र तो लावू नये, कारण उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, वेगळी असते.

शेवटी क्रियापद तपासावे. टेकू आणि हातभार लावतात, दुजोरा देतात, पाठिंबा देतात आणि काढूनही घेतात. पुष्कळदा नाम सोडून दिले की वाक्य आपोआप सरळ होते: ‘ती कुटुंबाला सपोर्ट करते’ याऐवजी ‘तिच्यावर घर चालते’, ‘हा फोन फाइव्ह-जी सपोर्ट करत नाही’ याऐवजी ‘या फोनवर फाइव्ह-जी चालत नाही’.

एक खबरदारी ‘आधार’ या शब्दाबाबतही घ्यावी लागते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात पहिले आधार क्रमांक दिले गेले आणि त्यानंतर कचेरीच्या भाषेत हा शब्द कार्डाचाच झाला. बँकेच्या माहितीपत्रकात ‘आधारासाठी येथे संपर्क साधा’ असे छापले, तर ग्राहक कार्डाची झेरॉक्स घेऊनच येईल. तेथे ‘साहाय्य’ किंवा साधे ‘मदत’ लिहावे.