प्रवासाची न्यूजलेटर: निवडायची कशी, वाचायची कशी

एखादं प्रवासाचं न्यूजलेटर, म्हणजे मेलवर नियमित येणारा प्रवासाचा अंक, घ्यावं की नाही, हे ठरवायचं असेल तर त्याचे जुने अंक उघडा आणि मुंबईवर लिहिलेला अंक शोधा. आपल्या गावाबद्दल लिहिलेलं खरं किती आणि ऐकीव किती, हे आपल्याला लगेच कळतं. त्यात घारापुरीची लेणी सुचवली असतील, तर ती सोमवारी बंद असतात हे लिहिलंय का? गेटवेहून लाँचला साधारण तासभर लागतो आणि धक्क्यापासून वर शंभरावर पायऱ्या चढायच्या आहेत, हे सांगितलंय का? कान्हेरीला पाठवत असेल, तर बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यानही सोमवारी बंद असतं याची आठवण केलीय का?

मुंबईवर अंक नसेल तर छत्रपती संभाजीनगरचा बघा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असा बेत आखून देणारा माणूस दोन्ही दिवस वाचकाला बंद दारापाशी नेऊन उभा करतो. आपल्या ओळखीच्या ठिकाणी जो चुकतो, त्याच्या व्हिएतनामच्या अंकावर विसंबून तिकीट काढू नये.

परीक्षेला तीन अंक पुरतात: अगदी ताजा, वर्षभरापूर्वीचा आणि आपल्या माहितीतल्या ठिकाणाचा. जुने अंक वाचायलाच देत नसतील, तर तिथे मेलचा पत्ता देण्याची घाई नको.

चांगलं लिखाण ओळखायचं कसं? माथेरानचंच घ्या. ‘सह्याद्रीच्या कुशीतलं नयनरम्य ठिकाण’ या वाक्यावर कुणी पिशवी भरून निघू शकत नाही. उलट हे बघा: नेरळला उतरा, टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जा, पुढे खासगी गाड्यांना बंदी आहे, जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून शटल मिळते, पावसाळ्यात नेरळहून वर येणारी मिनी ट्रेन बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान ही शटल चालू राहते. एवढ्या चार ओळींत आजी-आजोबांना न्यायचं की नाही, हे घरी बसून ठरवता येतं. जायचं कसं, बंद कधी, चालायचं किती आणि हे लिहिलंय कधी, या चारही प्रश्नांची उत्तरं ज्या अंकात मिळतात तो ठेवावा.

शोधायचं कुठे? एखादा प्रवासलेख आवडला तर लेखकाच्या पानाच्या तळाशी जा. नोंदणीची चौकट बहुतेक वेळा तिथेच असते. चांगला लेखक स्वतः कुणाला वाचतो हेही तो सांगतो आणि ती शिफारस जाहिरातीपेक्षा कितीतरी भरवशाची. गूगलमध्ये इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला लागून कोलन आणि सबस्टॅकचा (पुष्कळ लेखक जिथून न्यूजलेटर काढतात त्या साइटचा) पत्ता, मग एक जागा सोडून ठिकाणाचं नाव टाका. फक्त तिथले अंक समोर येतात. ‘कोकण’ असं मोघम शोधण्यापेक्षा ‘देवगड’ किंवा ‘गुहागर’ असं नेमकं नाव टाका. निव्वळ कुतूहलासाठी वाचायचं असेल तर ॲटलस ऑब्स्क्युरासारख्या जगभरातल्या अनोख्या जागांच्या अंकांनी सुरुवात करा. तिथे लगेच जायचं नसतं, पण बघायची नजर तयार होते.

आता इनबॉक्स. पाच न्यूजलेटर खूप झाली. त्यापलीकडे वाचन होत नाही, नुसता ढीग साचतो. जीमेल वापरत असाल तर नोंदणी करताना आपल्या पत्त्यात ॲटच्या चिन्हाआधी अधिकचं चिन्ह आणि ‘प्रवास’ हा शब्द इंग्रजीत जोडा. मेल तुमच्याच खात्यात येतो आणि पुढे भलत्याच कंपनीचा मेल त्याच पत्त्यावर आला, तर पत्ता या वाटेने बाहेर गेला हे समजतं. काही फॉर्म हे चिन्ह स्वीकारत नाहीत. तिथे साधा पत्ता द्या. मग संगणकावर फिल्टर करा: ‘प्रति’च्या रकान्यात हा जोडलेला पत्ता, ‘प्रवास’ असं लेबल आणि ‘स्पॅममध्ये कधीही पाठवू नका’वर खूण. वाचनाच्या अंकांसाठी ‘इनबॉक्स वगळा’ हेही निवडा. विमानभाड्याच्या सूचनांसाठी मात्र ते निवडू नका, नाहीतर सूचना लेबलात पडून राहील आणि भाडं संध्याकाळपर्यंत चढलेलं असेल.

नोंदणी करूनही अंक येत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा कारण साधं असतं: नोंदणी पक्की करण्याची लिंक असलेला मेल स्पॅममध्ये किंवा प्रमोशन्स टॅबमध्ये पडलेला असतो. ती लिंक दाबेपर्यंत पुढचं काही येत नाही. दुसरी अडचण अर्धवट अंकाची. जीमेल सुमारे १०२ केबीपेक्षा मोठा मेल मध्येच कापतं, त्यामुळे लांबलचक अंकाचा शेवट दिसत नाही आणि बंद करण्याची लिंकही तिथेच दडून राहते. तळाशी ‘संपूर्ण संदेश पाहा’ असं येतं, ते दाबा.

वाचायला वेळ ठरवून ठेवा. लोकलमध्ये बसायला जागा मिळते त्यांना बदलापूर ते दादर एवढ्यात दोन अंक आरामात होतात. घरच्या वायफायवर अंक एकदा उघडून ठेवा, म्हणजे वाटेत रेंज गेली तरी वाचनात खंड पडत नाही. जपून ठेवायचा अंक पीडीएफ करून आपल्याकडेच ठेवा. ‘नंतर वाचू’ म्हणून लेख साठवणारी पॉकेट ही सेवा ८ जुलै २०२५ ला बंद झाली. दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेल्या कागदांचं असंच होतं.

परदेशी अंक वाचताना तीन गोष्टी मनातल्या मनात बदलून घ्याव्या लागतात. ‘व्हिसा लागत नाही’ हे बहुधा लेखकाच्या अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टपुरतं खरं असतं. भारतीय पासपोर्टचा नियम त्या देशाच्या दूतावासाच्या साइटवरच बघा. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावाच लागतो. त्यांचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट. मुलांची मे महिन्याची सुट्टी त्यांच्या हिशेबात वसंतात येते, त्यामुळे हवामान आणि गर्दीचे सल्ले सरकवून वाचा. तिसरं म्हणजे भाडं कुठून निघण्याचं आहे. ‘गोइंग’ ही प्रसिद्ध सेवा (जानेवारी २०२३ पर्यंत तिचं नाव ‘स्कॉट्स चीप फ्लाइट्स’ होतं) अमेरिकेतल्या विमानतळांवरून निघणारी स्वस्त भाडी सांगते. मुंबईकराला तिचा थेट उपयोग नाही. त्यापेक्षा गूगल फ्लाइट्सवर मुंबईहून हवा तो मार्ग आणि तारखा टाकून भाड्याची सूचना चालू करा.

अविश्वसनीय स्वस्त भाडं दिसलं आणि तिकीट काढलं, तरी लगेच हॉटेलचे पैसे भरू नका. चुकून लागलेलं भाडं विमान कंपनी रद्द करू शकते. नुसता पीएनआर आला म्हणजे झालं नाही; तेरा आकडी तिकीट क्रमांक येऊ द्या, त्यानंतरही थोडे दिवस थांबा आणि तोवर विनाशुल्क रद्द होणारी खोलीच धरून ठेवा.

आवडलेला अंक वाचून झाला की त्यातली एकच ओळ वहीत उतरवा: ठिकाण, योग्य महिना आणि आरक्षण कधी करायचं ती तारीख. ही तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी खुलं होतं, प्रवासाचा दिवस सोडून. म्हणजे १ मेची गाडी २ मार्चला सकाळी ८ वाजता. एखाद्या अंकात १२० दिवस लिहिलेलं आढळलं, तर तो मजकूर १ नोव्हेंबर २०२४ पूर्वीच्या नियमावरचा आहे. त्यातल्या बाकीच्या वेळा आणि दरही पुन्हा तपासा. कासच्या फुलांसाठी वहीत ‘ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात’ लिहा आणि शेजारी ऑनलाइन नोंदणी बघायची आठवण. ती आठवण फोनच्या कॅलेंडरमध्येही टाका, कारण वही तेव्हा कपाटात असते.

तीन महिन्यांनी लेबल उघडून बघा. ज्याचे लागोपाठ चार अंक न उघडता पडलेत, ते बंद करा. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी ‘सदस्यत्व रद्द करा’ असं येतं, तिथूनच करा. मागवलेल्या न्यूजलेटरला ‘स्पॅम’ म्हणू नका. त्या खुणेमुळे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचे अंक इतर वाचकांकडेही स्पॅममध्ये जाऊ लागतात. आणि जे न्यूजलेटर खरंच उपयोगी पडलं, त्याच्या लेखकाला उत्तर पाठवून गाडीची बदललेली वेळ किंवा वाढलेला दर कळवा. पुष्कळ लेखक स्वतः ती पत्रं वाचतात आणि पुढच्या अंकात दुरुस्ती करतात.