पोपट एकाएकी बुजला, तर

काल रात्रीपर्यंत खांद्यावर बसून चष्म्याची काडी कुरतडणारा कॉकाटेल आज सकाळी, पाण्याची वाटी बदलायला हात पुढे केला की मागच्या जाळीला जाऊन चिकटतो. पिसं अंगाला घट्ट मिटलेली, मान लांब, तुरा खिळ्यासारखा ताठ. हात आणखी आत गेला तर फिस्कारतो, नाहीतर दिशा न बघता जाळीवर आपटत सुटतो. घरात त्याला कुणी काही केलेलं नसतं. मग कुणी म्हणतं नाटकं करतोय, कुणी म्हणतं नजर लागली.

कारण असतंच, फक्त ते आपल्या डोळ्यांच्या उंचीवर नसतं. शोधायचा क्रम असा: आधी पक्ष्याचं शरीर, मग घर, आणि शेवटी त्याला परत माणसात आणणं. उलट क्रमाने गेलात तर महिनाभर लाड करत राहाल आणि पंखातलं दुखणं तसंच राहील.

इथलं सगळं कॉकाटेल आणि आफ्रिकन ग्रे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे, कारण एकाएकी बुजण्यात हे दोघे पुढे. लव्हबर्ड, बजरीगर, कोन्यूर यांनाही बहुतेक सगळं लागू पडतं. आपले देशी पोपट, म्हणजे राघू, करण, तोई, हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार घरात ठेवता येत नाहीत, त्यामुळे त्यांचा विचार इथे नाही.

पहिल्या दिवशी काय करायचं

जवळपास काहीच नाही. पिंजऱ्यातून बाहेर काढून समजूत घालायला जाऊ नका. पिंजरा आहे तिथेच ठेवा, त्याची एक बाजू भिंतीला लागलेली हवी. तीन बाजूंनी जुनी, त्याने रोज पाहिलेली चादर सोडा. कपाटातली नवी फुलाफुलांची चादर आज नको. पिंजरा जमिनीवर किंवा खालच्या स्टुलावर असेल तर तो तेवढा छातीच्या उंचीवर घ्या, कारण वरून वाकणारा माणूस त्याच्या लेखी घारीइतकाच वाईट. दाणापाणी नेहमीच्याच वाट्यांत, दिवसातून दोनदाच, हळू आणि बाजूने हात घालून.

"एकदा भीती मोडून काढा, हात आत घालून शांत होईपर्यंत धरून ठेवा" हा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका. धरलेला पोपट शांत होतो तो थकून किंवा थिजून. दुसऱ्या दिवशी त्याची भीती हातापासून नाही, दाराची कडी वाजल्यापासूनच सुरू होते.

आधी शरीर

पक्षी आजार लपवतो. रानात थव्यातला अशक्त पक्षी आधी उचलला जातो, ती सवय पिंजऱ्यातही सुटत नाही. त्यामुळे कुठेतरी दुखतंय याची पहिली खूण पुष्कळदा "हल्ली जवळ येत नाही" एवढीच असते.

ढोबळ फरक असा की भ्यालेला पोपट बारीक दिसतो आणि आजारी पोपट गोल दिसतो. भीतीत पिसं मिटतात, आजारात फुलतात. पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसणं, श्वासागणिक शेपटी वरखाली होणं, नुसतं बसलेलं असताना चोच उघडी राहणं, एक पंख खाली लोंबणं, उलटी, यातलं एकही दिसलं तर बाकी वाचू नका, डॉक्टरांना फोन करा. घाबरल्यावर तासभर पातळ शी होणं चालतं, दिवसभर नाही.

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा इथे थर्मामीटरइतका कामाचा. सकाळची पहिली शी झाली की, खाण्याच्या आधी वजन घ्या. कॉकाटेल साधारण ८० ते ११० ग्रॅम, आफ्रिकन ग्रे ४०० ते ५५० ग्रॅमच्या आसपास. पण खरा आकडा तुमच्या पक्ष्याचा नेहमीचा. त्यात १० टक्के घट, म्हणजे ९० ग्रॅमचा कॉकाटेल ८१ वर आला, तर त्याच दिवशी दवाखाना. मात्र आधीच बुजलेल्या पक्ष्याला धरून काट्यावर बसवायचं नाही. काट्याची सवय एरवीच, सगळं सुरळीत असताना लावलेली असावी.

दुखण्यांमध्ये सर्वात जास्त निसटतं ते चुकीचं पंख कापणं. एकाच बाजूचे पंख कापले किंवा फार आखूड कापले की पक्षी तरंगत खाली न येता धोंड्यासारखा पडतो आणि छातीच्या मधल्या हाडावर आपटतो. दोनतीनदा असं झालं की तो दांडी सोडायला घाबरतो, आणि मग दांडीवरून उचलणाऱ्या हाताला. शिवाय कापलेल्या पिसांचे टोकदार खुंट बसल्या बसल्या कुशीत टोचतात. ते पुढच्या पीसगळीत पडेपर्यंत तसेच राहतात, म्हणजे काही महिने. पंखाचं उगवतं, रक्त असलेलं पीस मोडलं असेल तर कॉर्नफ्लोअर लावून दोन मिनिटं हलकं दाबा आणि लगेच दवाखाना गाठा. ते पीस घरी उपटू नका.

आफ्रिकन ग्रेच्या बाबतीत कॅल्शियमची शंका घ्या. वर्षानुवर्षं सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या ग्रेचं रक्तातलं कॅल्शियम घसरतं, पाय सटकतात, अंग थरथरतं, झटकेही येतात. दोनदा दांडीवरून पडलेला पक्षी तिसऱ्यांदा सगळ्यालाच घाबरतो. रक्ततपासणीशिवाय कॅल्शियमचे थेंब सुरू करू नका. पेलेट्स (पोपटांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या), शेवग्याचा पाला, गाजर आणि सकाळचं अर्धा तास ऊन मात्र आजपासून चालू शकतं. ऊन काचेआडून नको, काच नेमका उपयोगाचा भाग अडवते. पिंजऱ्याचा एक कोपरा सावलीत ठेवा आणि शेजारी थांबा.

पिंजरा नुकताच बदलला असेल तर जाळी बघा. स्वस्त गॅल्व्हनाइज्ड जाळीवर जस्ताचे पापुद्रे असतात, पोपट ते चोचीने सोलतो आणि विषबाधा होते. व्हिनेगर आणि तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, सुकवून मगच पक्षी आत. आधीच मलूल असेल, पाणी जास्त पीत असेल, तर एक्स-रे.

म्हाताऱ्या पक्ष्यात मोतीबिंदू होतो. तो एकाच बाजूने गेल्यावर दचकत असेल, तर डावीकडून आणि उजवीकडून, दोन हात लांबून, शेंगदाण्याचा तुकडा दाखवून बघा. एका बाजूला मान वळत नसेल तर डोळ्यांची तपासणी करायला सांगा.

दवाखान्यात जाण्याआधी फोनवर "पक्षी बघता का?" हे विचारा. सगळेच बघत नाहीत. सोबत कालच्या शीचा कागद आणि लांबून काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ न्या, कारण टेबलावर ठेवल्यावर तो धडधाकट असल्याचं सोंग घेतो.

मग घर

डॉक्टरांनी काही नाही म्हटलं की खुर्ची घ्या, पिंजऱ्याला डोकं लावून त्याच्या नजरेच्या उंचीवर दहा मिनिटं बसा. खिडकीतून काय दिसतं? समोरच्या टाकीवर घार बसायला लागली आहे का? कावळ्याने ग्रिलवर काही आणून ठेवलंय? पंख्याची सावली पिंजऱ्यावरून फिरते का? पोपटाचे डोळे दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे तुमच्या पाठीमागचंही त्याला दिसत असतं.

मग गेल्या तीन दिवसांत घरात काय बदललं ते लिहून काढा. सुचण्यासाठी काही नमुने:

हातावरची मेंदी. कोपरापर्यंत रंगलेला हात त्याच्या लेखी तुमचा नाहीच. लाल नेलपॉलिश, बँडेज, नवा चष्मा, न्हाऊन डोक्याला गुंडाळलेला टॉवेलही त्यातलेच.

पिंजऱ्यावरून फिरलेली लांब वस्तू. जळमटं काढायची काठी यात पहिली.

नवं काहीतरी लोंबतंय. आकाशकंदील, तोरण, वाढदिवसाचा फुगा.

आवाज. इन्व्हर्टरची पिपाणी, वरच्या मजल्यावरचं ड्रिल.

जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. आपल्याला ते कळत नाही, काही पक्ष्यांना कळू शकतं. ट्यूब बदलून बघायला फारसा खर्च नाही.

उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, रंगाचा वास हे पक्ष्याच्या खोलीत नकोच. आणि नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा विसरला गेला असेल व पक्षी धापा टाकत असेल, तर ती भीती नाही, विषारी वायू आहे. त्याला त्या क्षणी मोकळ्या हवेत न्या आणि दवाखान्याकडे निघा.

रात्रीचा धसका वेगळा मोजा. कॉकाटेल यासाठी प्रसिद्धच आहे. पाल जाळीवरून सरकते किंवा गाडीच्या दिव्याचा झोत भिंतीवरून जातो, आणि अंधारात तो सगळीकडे आपटतो. तुम्ही झोपेत असाल तर सकाळी तळाशी मोडकी पिसं आणि जाळीवर रक्ताचा ठिपका एवढंच मिळतं. आवाजाने जाग आली तर मंद दिवा लावा, लांबूनच नेहमीच्या सुरात बोला, हात घालू नका. पंधरावीस मिनिटांत तो दांडीवर येतो. मग रक्त आहे का ते बघा. दुसऱ्या दिवसापासून खोलीत झिरोचा दिवा चालू, चादरीची एक बाजू उघडी, रात्री लोंबती खेळणी बाहेर आणि वरच्या दांडीच्या आसपास मोकळी जागा. झोप दहा ते बारा तास हवी. हॉलमधल्या टीव्हीशेजारच्या पोपटाला ती कधीच मिळत नाही, आणि अपुऱ्या झोपेचा पक्षी दिवसाही बुजरा होतो.

कारण सापडलं तर ती वस्तू दोन आठवडे नजरेआड करा. नाही सापडलं, तरी पुढचं काम तेच.

परत जवळ आणणं

नियम एकच. अंतर पोपट ठरवणार.

तो खात असताना पिंजऱ्याकडे तिरके चालत या, सरळ नाही, आणि रोखून बघू नका. ज्या ठिकाणी त्याचं खाणं थांबतं ती फरशी लक्षात ठेवा. समजा ती अडीच मीटरवर आहे. तर तुमची खुर्ची तीन मीटरवर, बाजू करून, दिवसातून दोनदा, पाच पाच मिनिटं. वर्तमानपत्र वाचा, जांभई द्या, डोळे अर्धे मिटा. निघताना पिंजऱ्याबाहेरून वाटीत त्याचा आवडता खाऊ टाका आणि तिथे न थांबता खोलीबाहेर जा. कॉकाटेलला राळ्याच्या कणसाचा बोटभर तुकडा, ग्रेला सूर्यफुलाची एक बी. हा खाऊ एरवीच्या जेवणातून पूर्ण काढून टाका, नाहीतर त्याला किंमत राहत नाही.

त्याच्यासाठी खाऊपेक्षा मोठं बक्षीस म्हणजे तुम्ही निघून जाणं. हेच घरच्यांच्या गळी उतरत नाही. त्याने अंग झटकून पिसं सैल केली, एक पाय पोटाशी घेतला, चोचीने कर्र कर्र केलं, की उठा आणि जा. म्हणजे त्याला कळतं की माणूस लांब पाठवायला किंचाळावं लागत नाही.

दोन बैठका सैल गेल्या की खुर्ची १५ सेंटिमीटर पुढे. पिसं मिटली की तिथे रेटून बसायचं नाही, अर्धा मीटर मागे. किरकोळ दचकलेला कॉकाटेल आठवड्याभरात जाळीजवळ खाऊ घेतो; ग्रेला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. कामात एकच माणूस असावा. संध्याकाळी काका, मग शेजारचा मुलगा, असा प्रत्येकाने हात घालून बघितला की दिवसभराचं कमावलेलं जातं.

जाळीशी पोहोचलात की हात अजून नको. लांब कणीस टोकाला धरून जाळीतून द्या, रोज थोडं आखूड. ग्रेसाठी चायनीजबरोबर मिळणारी लाकडी काडी आणा, तिच्या टोकाला चोच लावली की लगेच बी. आठवड्याभरात तो काडीमागे दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो, म्हणजे तुम्ही हात न लावता त्याला हलवू शकता. मग उघड्या दारातून काडी, मग दाराच्या चौकटीवर स्थिर ठेवलेला रिकामा हात, मग त्याच हातात खाऊ. हात वरून नाही, छातीच्या खालच्या उंचीवर. चावायला आला तर झटकू नका, पण तो चावायला येतो याचा अर्थ तुम्ही एक पायरी उडी मारली आहे.

पीसगळीच्या दिवसांत डोकं खाजवू नका, नव्या पिसांचे कोंब दाबले की दुखतात. झोपेची गोळी, ब्रँडीचा थेंब असले उपाय तर अजिबात नकोत. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल किंवा तो स्वतःची पिसं उपटायला लागला, तर पुन्हा डॉक्टर.

दिवाळी किंवा गणपतीचे ढोलताशे तोंडावर असतील तर त्या आठवड्यात नवी पायरी घेऊ नका. पिंजरा आतल्या खोलीत दोनचार दिवस आधीच हलवा, जाड पडदे लावा, संध्याकाळी आवाज सुरू होण्याआधीच त्याच्या ओळखीचा रेडिओ लावा आणि दिवा चालू ठेवा. अंधारात ऐकलेला फटाका जास्त भिववतो.

ज्या दिवशी तो पुन्हा बोटावर चढेल, त्या दिवशी दोन सेकंदांत त्याला परत दांडीवर उतरवा, एक बी द्या आणि दार बंद करा. फोटो उद्या.