करवंदं: जाळीतून काढण्यापासून बरणीत भरण्यापर्यंत

करवंदाची एकच जाळी हंगामात तीनदा उपयोगी पडते. मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत हिरवी, कडक फळं मिळतात. ती लोणच्याची आणि चटणीची. मग आठ-दहा दिवस फळाला लाली चढते, तेव्हा जेली करायची. एप्रिलअखेर ते जूनच्या सुरुवातीला काळी मैना, म्हणजे पिकून काळं झालेलं करवंद, तयार होते. ती तशीच खायची, उरली तर सरबताला. घरी करवंदाचं काही बिघडलं की दोष कृतीला दिला जातो, पण बहुतेक वेळा चुकीच्या टप्प्यावरचं फळ घेतलेलं असतं. पिकल्या करवंदाचं लोणचं दोन आठवड्यांत लिबलिबीत होतं, आणि काळ्याभोर करवंदाची जेली कितीही आटवली तरी धड जमत नाही.

ओळख आणि काढणी

सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणातल्या कातळावर आणि माळरानावर ही जाळी सगळीकडे दिसते. पानं समोरासमोर, चकचकीत, जाडसर. पेरावर काट्यांची जोडी, कधी काट्याचं टोक दुभंगलेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये जुईसारखी पांढरी, पाच पाकळ्यांची वासाची फुलं येतात. पान किंवा फळ तोडलं की पांढरा चीक येतो. चिकाचं रानफळ खाऊ नये हा नियम चांगलाच आहे, करवंद त्याला अपवाद आहे. कण्हेर आणि बिट्टी ही विषारी झुडपं करवंदाच्याच कुळातली, त्यामुळे नुसत्या चिकावरून काही ठरवू नका. काटे, पानं आणि घोसातली गोल-लांबट फळं हे तिन्ही जुळलं पाहिजे. खात्री नसेल तर गावातल्या माणसाला विचारा, तो लांबूनच सांगेल.

अभयारण्यातून फळं तोडून नेता येत नाहीत. भीमाशंकर, राधानगरी ही अभयारण्यंच आहेत. देवराईतलंही काही नेऊ नये. इतर जंगलांत गौण वनोपज (लाकूड सोडून फळं, मध वगैरे) गोळा करण्याचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने तिथल्या आदिवासी आणि वननिवासी लोकांना दिला आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायका घाटरस्त्यावर पानाच्या द्रोणात करवंदं विकतात, तो त्यांचा हंगामी पैसा असतो. रस्त्यालगतची जाळी ओरबाडण्यापेक्षा त्यांच्याकडून घ्या. स्वतः काढायची तर ओळखीच्या माणसाच्या बांधावरची, विचारून.

पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, बंद बूट आणि एक आकडी हवी. हात घालण्याआधी जाळीवर आणि बुंध्याशी काठीने चार वेळा आपटा. हे सापांसाठी: कोकणात विषारी फुरसं दगडाखाली असतं, आणि हिरवा चापडा हा विषारी साप फांदीवरच फांदीसारखा बसलेला असतो. आकडीने फांदी आपल्याकडे ओढा, हात आत खुपसू नका. काटा मोडून आत राहिला तर जागा पिकते, त्यामुळे लगेच काढून धुवा.

हिरवं फळ देठासकट तोडा, म्हणजे चीक कमी गळतो. पिकलेलं नुसतं फिरवल्यावर सुटतं. ओढावं लागलं तर ते अजून तयार नाही. उथळ टोपलीत दोन-तीन थरांपेक्षा जास्त भरू नका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली पिकली करवंदं घरी पोचेपर्यंत घामेजून आंबूस होतात. वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की फळ पाणचट होतं आणि आत अळ्या सापडतात. तेव्हा चार-पाच फोडून बघा आणि मगच खा.

चीक कसा काढायचा

कापण्याआधी हाताला आणि सुरीला खोबरेल लावा. तेलाशिवाय लागलेला चीक नुसत्या साबणाने निघत नाही, तोही तेलानेच सोडवावा लागतो. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ विरघळवून अर्धी केलेली हिरवी करवंदं अर्धा तास त्यात ठेवा. चीक गोठून पांढऱ्या तारांसारखा वर येतो. फळं चोळून दोन पाण्यांनी धुवा. हे टाळलं तर लोणच्याला चिकट राप येतो. पिकली करवंदंही खाण्याआधी दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवली तर ओठ चिकटत नाहीत आणि घसा कमी खवखवतो.

लोणचं

एक किलो हिरवी करवंदं, 150 ग्रॅम मीठ, 75 ग्रॅम मोहरीची डाळ, 60 ग्रॅम लाल तिखट, दोन चमचे हळद, तळून कुटलेली एक चमचा मेथी, दोन चमचे हिंग, 250 मिली तेल. बी नखाने दबत असेल तर राहू द्या, कडक झालं असेल तर काढा. धुतलेल्या फोडी पंख्याखाली कापडावर दोन-तीन तास वाळवा. या पायरीत घाई केली की बुरशी ठरलेली. मीठ-हळद लावून रात्रभर ठेवा. सुटलेलं पाणी फेकू नका, आंबटपणा त्यातच आहे.

तेल तापवून त्यात हिंग घाला आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम तेल मोहरीच्या डाळीवर ओतलं तर लोणचं कडवट होतं. सगळं कालवून कोरड्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत भरा आणि वर बोटभर तेल राहील असं बघा. कमी पडलं तर आणखी तेल तापवून, गार करून ओता. बरणीच्या तोंडाला दादरा (कापड) बांधा, पहिला आठवडा रोज कोरड्या चमच्याने हलवा. दहाव्या दिवसापासून खाता येतं. पथ्यपाणी म्हणून मीठ कमी करायचं असेल तर थोडंच लोणचं घालून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर ते टिकणार नाही.

जेली

कच्च्या करवंदात पेक्टिन, म्हणजे जेली घट्ट करणारा घटक, भरपूर असतं, पिकताना ते कमी होतं. म्हणून तीन भाग लालसर आणि एक भाग हिरवी घ्या. वेगळं पेक्टिन किंवा लिंबू लागत नाही. एक किलो फळं, एक लिटर पाणी, स्टीलचं पातेलं. पितळ आणि ॲल्युमिनियम नको, आंबटाने कळकतं. वीस-पंचवीस मिनिटं शिजवून मलमलीत बांधा आणि रात्रभर टांगा. पुरचुंडी पिळू नका, जेली गढूळ होते. एक वाटी रसाला पाऊण वाटी साखर घालून मोठ्या आचेवर उकळा. थर्मामीटर असेल तर 105 अंशांवर उतरवा. महाबळेश्वरच्या उंचीवर पाणीच 95-96 अंशांना उकळतं, तिथे 100 च्या आसपास थांबा. थर्मामीटर नसेल तर गार ताटलीवर थेंब टाकून बोटाने सरकवा. सुरकुती पडली की झाली. त्यापुढे उकळत राहिलात तर चमच्याला चिकटणारा पाक हाती येतो. पातेल्याच्या कडेला बसलेला चीक तेलाच्या बोळ्याने पुसा, मग घासा.

केकवर लावलेली लालभडक ‘चेरी’ पुष्कळदा करवंदच असते, रंग उडवून, पुन्हा रंगवून पाकात मुरवलेलं. घरी हा उद्योग करण्यात अर्थ नाही.

सरबत

करवंद फोडून ‘कोंबडा की कोंबडी’ खेळताना आत लाल निघाला तो कोंबडा. सरबतालाही कोंबडेच जास्त लागतात, रंग त्यांचाच येतो. एक किलो काळी करवंदं अर्ध्या लिटर पाण्यात दहा मिनिटं मंद शिजवा, गार झाल्यावर हाताने कुस्करून चाळणीतून काढा. मिक्सर लावू नका, बिया फुटून तुरट चव उतरते. एक लिटर गराला सव्वा किलो साखर, एक उकळी, गार करून बाटलीत. फ्रिजमध्ये दोन महिने राहतं. एक भाग अर्काला चार भाग पाणी, चिमूटभर मीठ, जिरेपूड.

चाळणीत उरलेल्या शिजल्या बिया उगवत नाहीत. कुंपणाला जाळी हवी असेल तर खाल्लेल्या ताज्या फळांच्या बिया धुऊन, फार न वाळवता, पावसाच्या तोंडावर पेरा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ धरतं.