हुक अडकवलास काय रे? हँग ग्लायडिंगच्या स्पर्धेत या चुका टाळा

आम्ही कोल्हापूरचे चौघे, मोठ्या पंखाखाली लटकून उडणारे. वर्षभराच्या चुका मोजायला बसलो, तर निम्म्याहून जास्त टेकडीवर उभ्या उभ्याच केलेल्या निघाल्या.

सगळ्यात घातक चूक माझीच. टेकऑफच्या रांगेत होतो, व्हॅरिओ (वर चढतोय की खाली जातोय ते सांगणारं यंत्र) आणायला म्हणून मला ग्लायडरला जोडणारा हुक काढला. तेवढ्यात वारा नीट समोरून आला, मागचे ओरडायला लागले, मी धावत परत. ग्लायडरच्या नाकाची तार धरलेला मित्र म्हणाला, “भावा, लोंबकळून दाखव की.” वैतागून आडवा झालो, तो थेट मुरमावर! कॅराबिनर, म्हणजे तोच हुक, मोकळाच. २०१८ साली स्वित्झर्लंडमध्ये एका पायलटानं प्रवाशाला असंच न अडकवता उड्डाण केलं. तो बिचारा दोन मिनिटांहून जास्त वेळ हातांवर लटकला, मनगट मोडलं, पण वाचला.

यावर ऑस्ट्रेलियन पायलटांची रीत चांगली. हार्नेस, म्हणजे आपण ज्यात लटकतो ती झोळी, आधी ग्लायडरला अडकवायचा, मग त्यात शिरायचं. बाहेर यायचं तर हार्नेस तिथंच सोडून. आणि हँग चेक, म्हणजे लोंबकळून बघणं, धावण्याच्या अगदी आधी, अर्ध्या तासापूर्वीचा धरायचा नाही.

ग्लायडर एका बाजूला ओढतोय? हवेला शिव्या देण्याआधी डाव्या-उजव्या बॅटनचा, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या कांड्यांचा, बाक साच्यावर जुळवून बघा.

थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेत, आधी शिरलेला ज्या दिशेनं फिरतोय, त्याच दिशेनं फिरायचं. मग तो तुमचा कितीही मोठा प्रतिस्पर्धी असो. खालच्याला स्वतःच्याच पंखामुळं वरचं दिसत नाही, हे वरच्यानं लक्षात ठेवावं.

उतरताना आपल्याकडं खरा घोळ उसाचा. आठ-दहा फुटी ऊस वरून लुसलुशीत हिरवळ वाटतो. त्यात शिरलात तर पंखही गेला आणि शेतकऱ्याचं नुकसानही. तोडणी झालेलं रान चालेल, पण सरीच्या दिशेनं उतरा. आडवं गेलात तर पाय अडखळून नाक जमिनीत. पाण्याच्या मोटारीच्या विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधा आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं समजा. वाऱ्याची दिशा कळत नसेल तर पेटवलेल्या पाचटाचा धूर बघा. त्याच्या वर मात्र जाऊ नका.

उतरल्यावर घडी घालण्याआधी “उतरलो, ठीक आहे” एवढं कळवा. आमचा एक गडी विसरला. आम्ही जीप घेऊन अंधार पडेपर्यंत शेतं धुंडाळली. साहेब गुऱ्हाळावर बसून काकवी चाटत होते.