भुताच्या आधी दुखणं: ‘बफी’ पाहून अलौकिक कथा कशी लिहावी

शाळा-कॉलेजातल्या मुलांची कथा लिहायची आणि तिच्यात भुतंखेतं, शाप, जादू आणायची, तर बहुतेक जण भुतापासून सुरुवात करतात. त्याचे दात कसे, ते कशाने मरतं, वगैरे. ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ ही अमेरिकी मालिका (१९९७ ते २००३, सात सीझन, १४४ भाग) नेमकी उलट दिशेने जाते. भयपटातली अंधाऱ्या गल्लीत हमखास मरणारी मुलगीच (इथे बफी) राक्षसांना मारणारी निघाली तर, ही मालिकेचे कर्ते जॉस व्हीडन यांची मूळ कल्पना. पण मालिका टिकली ती मारामारीमुळे नाही.

पहिल्यांदा कागदावर एक साधं, लाजिरवाणं, त्या वयाचं दुखणं लिहा. भूत अजिबात नको. ‘माझ्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.’ ‘आईला तिची हुकलेली तरुणाई माझ्यातून जगायची आहे.’ आता ते वाक्य शब्दशः खरं करा. पहिल्या सीझनमध्ये कुणी दखल न घेतलेली मुलगी खरोखर अदृश्य होते. दुसऱ्या एका भागात चेटूक जाणणारी आई मुलीचं शरीरच बळकावते. दोन्ही भागांतून जादू काढून टाकली तरी गोष्ट उरते. तुमच्या कथेची हीच परीक्षा घ्या. भूत काढल्यावर हातात काहीच राहत नसेल, तर पुन्हा कोऱ्या कागदाकडे.

मग नियम ठरवा. इथे घाई करू नका, कारण सगळी कथा पुढे यावरच उभी राहते. नियमाला किंमत हवी आणि ती नायिकेच्या वर्मावर बसणारी हवी. बफीचा प्रियकर एंजल हा शापित व्हॅम्पायर, म्हणजे रक्तपिपासू पिशाच. शाप असा की त्याला आत्मा परत मिळालाय, म्हणून जुन्या पापांची टोचणी कायमची. एवढं आपल्याला पहिल्याच सीझनमध्ये कळतं. शापातली खरी मेख दुसऱ्या सीझनपर्यंत दडवलेली आहे: निखळ सुखाचा एक क्षण मिळाला की आत्मा पुन्हा जाणार. बफीच्या सतराव्या वाढदिवशी दोघं जवळ येतात आणि त्यानंतर तो तिची क्रूर टिंगल करतो. ‘एका रात्रीनंतर तो बदलला’ ही अनेक मुलींची भीती आणि शापाचं कलम एकाच ठिकाणी येऊन आदळतात. म्हणून नियम एका वाक्यात लिहा, त्यात ‘पण’ घाला आणि ‘पण’च्या आधीचा भाग लवकर सांगून टाका. नंतरचा भाग वाचक बेसावध असताना द्या.

त्याच सीझनच्या शेवटी मदत पोहोचते, पण उशिरा. एंजलच्या रक्ताने उघडलेलं नरकाचं दार त्याच्याच रक्ताने बंद होणार असतं आणि ते उघडायला लागलेलं असतानाच बफीची मैत्रीण विलो हिच्या मंत्राने त्याचा आत्मा परत येतो. बफीला मारावं लागतं ते राक्षसाला नाही, आपल्या माणसाला. सुटका नाकारण्यापेक्षा ती चुकीच्या क्षणी देणं जास्त जीवघेणं.

रचनेबद्दल थोडक्यात: प्रत्येक भागाला आपला राक्षस आणि सबंध सीझनला एक मोठा खलनायक, ज्याला मालिकेतच ‘बिग बॅड’ म्हणतात. भागाचा राक्षस भागातच संपवा, पण जाताना त्याने एखादं नातं थोडं हलवून जायला हवं.

आता आपल्या कुबड्या एकदा काढून बघा. डिसेंबर १९९९ मधल्या ‘हश’ भागात गावाचे आवाज चोरीला जातात आणि बराचसा भाग संवादाविना चालतो. खुसखुशीत संवादांसाठी नावाजलेल्या मालिकेने हे करावं आणि लेखनासाठी एमी या अमेरिकी टीव्ही पुरस्काराचं नामांकनही मिळवावं! पण माझ्या मते त्याहून धाडसी भाग म्हणजे फेब्रुवारी २००१ चा ‘द बॉडी’. बफीची आई मरते, तेही नैसर्गिक कारणाने. पार्श्वसंगीत नाही. या मरणामागे मारण्याजोगा शत्रू नाही. विलोला कुठले कपडे घालून जावं ते ठरवता येत नाही आणि हजारेक वर्षं राक्षसीण म्हणून काढलेल्या अन्याला मरण म्हणजे काय तेच उमगत नाही, म्हणून ती वेडेवाकडे प्रश्न विचारत राहते. तुमच्या नायिकेची शक्ती जिथे कवडीमोल ठरेल असा एक प्रसंग लिहा. तो कथेत ठेवायचा की नाही, ते नंतर ठरवा.

शेवटी कात्री. सहाव्या सीझनमध्ये विलोची जादू थेट अंमली पदार्थाचं व्यसन होते, अगदी विकणारा दलाल आणि झिंग यांच्यासकट. तोवर तीच जादू कधी आत्मविश्वास होती, कधी प्रेम, कधी सत्तेची हाव. एकच अर्थ चिकटवल्यावर ती पातळ झाली. तुमचा मसुदा वाचताना ज्या ज्या ओळीत एखादं पात्र भुताचा अर्थ समजावून सांगतंय, ती ओळ खोडा. खोडल्यावर प्रसंग कळेनासा झाला, तर प्रसंग पुन्हा लिहा. ओळ परत आणू नका.