मेंढरांचा न्यूमोनिया: या चुका टाळा

वळवाचा पाऊस रात्रभर उघड्यावर झेलला की तीन-चार दिवसांत वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, एखाददुसरं मेंढरू मान लांब करून धापा टाकताना दिसतं. 'गारठा बाधला' म्हणून आपण विषय संपवतो. गारठा निमित्त असतो. मारतात ते मॅनहायमिया आणि पाश्चुरेला हे जिवाणू, आणि धडधाकट मेंढीच्या घशातही त्यांचा मुक्काम असतोच. भिजणं, कातरणीनंतर लगेच पडलेली थंडी, टेम्पोतली दाटीवाटी, कोंदट वाड्यात मुताचा डोळ्यांना झोंबणारा वास, यांतल्या कशानेही जनावर खचलं की ते फुफ्फुसात उतरतात.

सगळ्यात महागात पडतं ते 'उद्या बघू'. मॅनहायमियाचं विष फुफ्फुसाच्या रक्षणाला धावलेल्या पांढऱ्या पेशींनाच मारतं. मग तो भाग काळजासारखा घट्ट होतो आणि तिथे औषध नीट पोहोचत नाही. म्हणून ढास लागायची वाट पाहू नका. चरताना मागे राहणारं, रवंथ सोडलेलं मेंढरू सकाळीच बाजूला काढून ताप मोजा. भर उन्हात चालून आलेल्या मेंढराचं अंग तसंही तापलेलं असतं, तेव्हाचा आकडा फसवतो. सकाळी सावलीत १०४ अंश फॅरेनहाइटच्या वर गेला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

"घटसर्पाची लस दिली होती, तरी कसं झालं?" ती लस पाश्चुरेलाच्या एका विशिष्ट प्रकारासाठी असते, मॅनहायमिया तिला जुमानत नाही. पावसाळ्याआधी ती टोचाच, पण न्यूमोनियाची काळजी मिटली असं समजू नका.

इंजेक्शनांचं तर विचारूच नका. शेजारच्या खांडव्यात चाललं ते आपणही आणतो, दोन दिवसांत मेंढरू चरायला लागलं की थांबवतो, आणि आठवड्याने ते पुन्हा बसतं. कोकरं आठवडेच्या आठवडे ढासत असतील तर मायकोप्लाझ्मा या जिवाणूची शंका घ्या. त्याला पेशीभित्तिकाच नसते आणि पेनिसिलिन घाव घालतं ते भिंतीवर, म्हणजे पैसे पाण्यात. टिल्मिकोसिन हे अँटिबायोटिक मात्र स्वतः टोचू नका. सुई चुकून माणसाला लागली तर हृदय बंद पडून जीव जाऊ शकतो.

काही न्यूमोनिया आपल्याच हातचे असतात. तोंड आभाळाकडे करून जंताचं औषध ओतलं की ते श्वासनळीत जातं. डोकं जमिनीला समांतर ठेवा, थोडं थोडं पाजा, ठसका लागला की थांबा.

एकाच वेळी बऱ्याच मेंढरांना ताप, तोंडात फोड, चिकट डोळे आणि हगवण असेल तर मूळ दुखणं पीपीआरचं (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगचं) असू शकतं. तो विषाणू, नुसत्या अँटिबायोटिकने भागणार नाही, दवाखान्यात तातडीने कळवा.

मेलेलं मेंढरू तसंच पुरणं हीही चूकच. डॉक्टरांकडून शवविच्छेदन करून घ्या. फुफ्फुसाचा पुढचा, खालचा भाग लालजांभळा आणि घट्ट असेल तर त्याचा तुकडा बर्फात ठेवून प्रयोगशाळेत जाऊ द्या. अँटिबायोटिक न दिलेल्या जनावराचा असेल तर उत्तम. पण अचानक मेलेल्या मेंढराच्या नाकातून किंवा गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त येत असेल तर ते कुणालाही फाडू देऊ नका. ती फाशी (अँथ्रॅक्स हा रोग) असू शकते, आणि ती माणसालाही होते.